तिसऱ्या मजल्याखालची जमीन

वकीलबाईंच्या बाहेरच्या खोलीत शिंपी पाय पसरून पाळीची वाट बघत होता. आत एक म्हातारी आणि तिचा मुलगा. दार उघडं, म्हणजे कानावर पडणारच.

"कर्ज फिटेपर्यंत घर बँकेचंच ना, बाई?"

"नाही आजी, तुमचंच. बँकेकडे गहाण असेल एवढंच. शिवाय इमारतीखालच्या जमिनीतही तुमचा हिस्सा."

"घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जमीन माझी? कुठली ती?"

"वेगळी दाखवता येत नाही. सगळ्या जागेत सगळ्यांची थोडी थोडी."

"फाटकाजवळच्या झाडाखालची?"

"तीही."

"आई, चल आता."

"थांब रे. जिन्याखालची?"

"तीही थोडी."

"मग परत जाऊ या रे तिथं. मी नुसतं वरचंच बघून आले."

शिंप्यानं फरशीकडे बघितलं आणि पाय हळूच जवळ घेतले.