पस्तीस आणि तीनशे

फ्रेमच्या दुकानात काउंटरवर चिटपाखरू नव्हतं. आपल्या फोटोची फ्रेम झाली का विचारायला आलेली एका घरची सून तिथेच थांबली. पडद्यामागे फ्रेमवाला आणि त्याची दहावीतली मुलगी बोलत होती.

“पावतीवर डिंक सांडलाय, बाबा. लांबी-रुंदी दिसत नाही.”

“खाली काय दिसतंय?”

“पट्टी सत्तर इंच. काच तीनशे चौरस इंच.”

“फोटो असता तर मोजला असता. पण त्यांच्या घरचे आजोबा तो नजरेआड होऊ देत नाहीत, म्हणून बाई लगेच परत घेऊन गेल्या.”

“थांबा. सत्तरचं निम्मं पस्तीस, ही लांबी-रुंदीची बेरीज. तीनशे हा गुणाकार. म्हणजे एक्स वर्ग, वजा पस्तीस एक्स, अधिक तीनशे, बरोबर शून्य.”

“वजा कशाला? बेरीज आहे ना?”

“मधल्या पदात बेरीज चिन्ह बदलून येते. गुणाकार शेवटी, आहे तसाच. मुळं वीस आणि पंधरा.”

“बरं. यातली उभी बाजू कुठली? हुक कुठे ठोकू?”

“ते समीकरण सांगत नाही. त्याला दोन्ही सारखीच.”

सून खाकरली. “उभी वीस. पण हुक दोन लावा. एक वर, एक कडेला.”

“दोन कशाला, ताई?”

“सासरे सहा महिने एका कुशीवर पडून आहेत. सासूबाईंचा फोटो आडवा टांगला, तरच त्यांना सरळ दिसतो.”

“मग वरचा?”

“तो त्यांनीच सांगितलाय. उठून बसल्यावर लागेल म्हणाले.”