आत्यासाठी एक मिनिट

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे प्रकाशक, पंख्याखाली जागा न मिळूनही टिकून राहिलेल्या वाचक भगिनींनो, आणि बायकोची पुस्तकं चोरून वाचणाऱ्या बंधूंनो,

मालिका संपली म्हणून आपण मला निरोप देत आहात. फुलं मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. टेलिफोन खात्यानंही मला असंच घड्याळ देऊन घालवलं होतं. पण मालिका संपली का, हे मला कोणी विचारलं?

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यत्वे व्यासपीठासाठी, सांगते. एक घर, चार भावंडं, प्रत्येकाच्या प्रेमाची एक कादंबरी. अशा मालिकेचा धर्म असा, की एका पुस्तकात जो नुसता दार उघडायला येतो, त्याला पुढे स्वतःचं पुस्तक मिळतं. चारही पुस्तकांत दार उघडलं ते आत्यानं. तिनं जोडप्यांना कॉफी दिली, त्यांच्यासाठी सख्ख्या भावाशी खोटं बोलली. पाचवं पुस्तक तिचं, हे मी धरूनच चालले होते.

प्रकाशक म्हणाले, "ताई, त्रेसष्टाव्या वर्षी कसलं प्रेम? गुडघे धरतात हो."

"प्रेम गुडघ्यांनी करतात, हे मला नवीन आहे."

"लोक हसतील. त्यापेक्षा चौथ्याच्या शेवटी आत्याला मारा. रडारड होते, खप वाढतो, मालिका कशी शोभून संपते."

चौघांची लग्नं लावून बाईनं मरावं, म्हणजे शोभतं. मी "बरं" म्हटलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी आम्हाला मान खाली घालायला शिकवलं. खाली मान घालून काय लिहायचं, ते शिकवायचं राहिलं.

आता आमच्या प्रकाशकांची एक पद्धत आहे. ते पहिलं पान वाचतात आणि शेवटचं. पहिल्यावर भेट, शेवटच्यावर मिठी, मधलं वाचक बघून घेतील. चौथ्याच्या शेवटच्या पानावर इस्पितळ आहे, रिकामी खाट आहे आणि चार जोडपी हुंदके देताहेत. यांनी डोळे पुसले, पुस्तक छापलं, हा हॉल घेतला.

त्याच्या आधीच्याच प्रकरणात आत्या शेजारच्या पेशंटच्या थोरल्या भावाबरोबर, चपला हातात घेऊन, मागच्या दारानं टॅक्सीत बसली आहे.

अध्यक्षमहाराज, आपण आत्ता तिच्यावर फार सुंदर बोललात. 'त्यागमूर्ती' म्हणालात. मग सगळ्यांना एक मिनिट उभं केलंत. त्या शांततेत मागच्या रांगांतून जे खोकले ऐकू आले, ते खोकले नव्हते. माझी नणंद तर रुमाल तोंडात कोंबून उभी होती.

प्रकाशक मालक, घाम पुसा. पुस्तक दुकानात आहे, आणि टॅक्सी कुठे गेली म्हणून वाचक रोज मला विचारताहेत. पाचवं लिहून झालंय. या पिशवीत आहे. छापणार का, ते यांच्यासमोर सांगा.

नुसती मान हलवू नका. मागे दिसत नाही.

'छापतो' म्हणालेत. भगिनींनो, आपण साक्षीदार.

आयोजकांचे आणि फुलवाल्याचे आभार. घड्याळ ठेवून घ्या, मी कुठेही चाललेली नाही. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पदरात घ्या.

आणि मालक, या खेपेला तेवढं मधलंही वाचा. मिठी तिथे आहे.