दुसऱ्या बाजूचं माप

— तेच तर सांगतोय साहेब, हे मला विचारण्यात काही अर्थ नाही. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवतोय, रोज दहा वेळा हा शब्द कानावर पडतो, आणि आजवर एकीला धड सांगता आलेलं नाही की तिला शेप म्हणजे नक्की काय हवंय. 'मास्तर, जरा शेप द्या.' अहो, कुठे देऊ? कमरेत आत घेऊ? घेतो. घेतलं की म्हणणार, श्वास घेता येत नाही. सोडलं की म्हणणार, गोणपाट झालं. लिहा तुमच्या वहीत, पहिला अर्थ — जे मागणाऱ्याला माहीत नसतं आणि दिलं नाही म्हणून शिंप्याला बोलणी खावी लागतात ते. हसू नका, मी गंमत करत नाहीये. तुम्ही शब्दकोशाच्या ऑफिसातून आलात, कारागिरांच्या तोंडचे इंग्रजी शब्द गोळा करताय, चांगलं काम आहे, माझं काही म्हणणं नाही — पण दिवस चुकला तुमचा. आज माझं डोकं ठिकाणावर नाही. पाच वाजता एक गिऱ्हाईक यायचंय. किती वाजले? साडेचार? मग बसा. ती पिशवी सरकवा पलीकडे — नको, राहू दे, हात लावू नका तिला. तुम्ही इकडे बसा, मशीनजवळ.

आता ती बँकेतली बाई घ्या. दर वर्षी नवं कापड घेऊन येते आणि दर वर्षी म्हणते, मास्तर, व्यायाम सुरू केलाय, दोन महिन्यांत शेपमध्ये येतेय, दोन इंच कमीच धरा. गावाला निघाल्यासारखं सांगते. मी काय करतो? हो म्हणतो आणि आत दोन इंच कापड दाबून ठेवतो. दोन महिन्यांनी येतेच, हळूच विचारते, थोडं उसवता येईल का. येईल की. त्यासाठीच ठेवलंय. हा झाला तुमचा दुसरा अर्थ, तो तुमच्याकडे असेलच. डॉक्टर लोक आणखी वेगळंच म्हणतात — हाडाचा शेप. ते जाऊ दे. ते नका लिहू. मघाशी तुम्ही कार्डावरचं काय वाचून दाखवलंत? परत वाचा एकदा, माझं लक्ष नव्हतं.

घडवणं. म्हणजे हजार वर्षांपूर्वी त्या इंग्रजांच्या पूर्वजांकडे ह्याचा अर्थ आकार नव्हताच, घडवणं होता? आणि घडवलेली वस्तू, घडवलेला जीव, सगळ्याला तोच शब्द. आणि त्यांच्या मैत्रीच्या शब्दाला मागे जे 'शिप' लागतं, फ्रेंडशिपमधलं, तेही ह्याच घरातलं. बरं. हे पटतंय मला, हे शिंप्याच्या कामाचं आहे. कापड सपाट असतं हो. टेबलावर पसरलं की त्याला ना पुढं ना मागं. एक टक्स मारला, चिमटीएवढी घडी घालून शिवली, की ते उठून बसतं. मग आणखी काय लिहिलंय? बोट ठेवलंय तुम्ही त्याच्यावर. वाचा की.

दैव?

दैव म्हणजे — जे ठरलेलं असतं ते? जन्माला येतानाच? एकाच शब्दात दोन्ही, घडवणंही आणि जे बदलता येत नाही तेही? मग काय अकला गहाण टाकल्या होत्या का त्या लोकांनी? तसं असेल तर शिंप्यानं करायचं काय? कात्री ठेवून द्यायची? नाही, तुमच्यावर रागवत नाहीये, तुम्ही काय, वाचून दाखवलंत. पण मला पटत नाही. मी सांगतो आमच्या धंद्यातला खरा अर्थ, हा लिहा, आणि नीट लिहा — शेप देणं म्हणजे आहे ते दिसू न देणं. बस. सगळी कारागिरी एवढीच आहे. पोट आहे, दिसू द्यायचं नाही. खांदे पडलेत, दिसू द्यायचे नाहीत. लिहिलंत?

खोटं वाटतं? मग ऐका. एक गिऱ्हाईक आहे माझं. नाव कशाला, आहे एक. तिची पाठ मणक्यात जराशी वळलेली, डावा खांदा दीड बोट खाली. दीड बोट म्हणजे आमच्या कामात फार झालं. आता आमची पद्धत कशी, की माप एकाच बाजूचं घ्यायचं. खांद्यापासून कमरेपर्यंत उजवीकडून टेप लावला, आकडा सांगितला, दुसऱ्यानं वहीत लिहिला, झालं. डावीकडून कोणी लावत नाही. कापड दुहेरी घडी घालून कापतो ना आम्ही, दोन्ही बाजू एकदम निघतात. माणसाच्या दोन बाजू सारख्याच, असं धरूनच चाललेला धंदा आहे हा. तर ह्या गिऱ्हाइकाचंही मी तसंच कापायचो, उजव्या मापानं, दुहेरी. आणि मग डावीकडे अस्तराच्या आत नमद्याचे, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे, थर. उजवीकडे एक, डावीकडे चार, पायरी-पायरीनं, कडा हातानं विरवून. हाताला लागायचं नाही, धुतल्यावर गोळा व्हायचं नाही. सतरा वर्षं, साहेब. शाळेचा गणवेश, कॉलेजचे कोट, लग्नाकार्याचे कपडे. वर्गातल्या पोरींना कळलं नाही, शेजाऱ्यांना कळलं नाही. मी स्वतः तिला चालताना मागून बघायचो आणि मलासुद्धा सापडायचं नाही कुठे ते. ह्याला म्हणतात हात.

तिला? तिला कळलं का म्हणजे — असं काय विचारता? तिला माहीत होतं की लहानपणी काहीतरी होतं. अकराव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं, जास्त वाढणार नाही, पण सरळही होणार नाही. रडत होती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी नवा गणवेश घातला आणि इथंच, ह्याच आरशासमोर उभी राहिली, आणि मी म्हटलं, बघ, गेलं की. सरळ झालीस. अकरा वर्षांची पोर, बापानं सांगितलं तर विश्वास ठेवणारच ना. घरात मोठा आरसा नाही आमच्या. तोंड बघण्यापुरता आहे, मोरीवर. अंगभर आरसा फक्त इथं, दुकानात, आणि इथं ती यायची ती कपडे घालूनच.

हो. माझीच पोर. कळलं ना, झालं. आता गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही नाही.

त्यात मी काय वाईट केलं? सांगा ना, तुम्ही शिकलेले आहात. तिची आई पण तेव्हा गप्पच होती. वही तीच लिहायची, मी आकडे सांगायचो आणि ती लिहायची, सतरा वर्षं एकाच बाजूचा आकडा लिहिला तिनं, आणि आता चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. दुकानात पाय ठेवत नाही. डबा पाठवते, तोही शेजाऱ्याच्या हातून. का, तर रविवारी पोर ही पिशवी घेऊन आली. तिला शाळेत नोकरी लागली, गणित शिकवते, खोली घेऊन वेगळी राहते. पहिल्या पगारात तयार ड्रेस घ्यायला गेली. आयुष्यात पहिल्यांदा, कारण माझ्या घरात तयार कपडा कशाला येईल? घातला, तर एका बाजूनं लोंबतोय. ही दुकानातल्या मुलीला म्हणाली, हा वाकडा शिवलाय. मुलगी म्हणाली, नाही हो. ही म्हणाली, मी शिंप्याची मुलगी आहे, मला कळतं, वाकडा शिवलाय, दुसरा द्या. दुसरा दिला. तोही वाकडा. तिसरा. मॅनेजरला बोलावलं हिनं. भांडली हो, तावातावानं, माझंच नाव सांगून भांडली, की माझे बाबा असा माल गिऱ्हाइकाला दाखवणार नाहीत. शेवटी त्या मुलीनं काय केलं, तोच ड्रेस स्वतः घालून बाहेर आली. आणि हिच्याशेजारी आरशासमोर उभी राहिली.

अठ्ठावीस वर्षांची आहे माझी मुलगी. भर दुकानात, चारचौघांत कळलं तिला.

मला वाटलं, येईल आणि ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. आली, पिशवी टेबलावर ठेवली. आठ कपडे. सगळ्यांचे नमदे उसवलेले — आणि कसे उसवलेले, एक टाका ओढला गेलेला नाही, अस्तर परत जसंच्या तसं बसवलेलं. मीच शिकवलंय ना. नमदे वेगळ्या पाकिटात, मोजून. म्हणाली, बाबा, हे तुमचं. मला नवा कोट शिवून हवाय. दोन्ही बाजूंचं माप घ्यायचं, दोन्ही आकडे वहीत लिहायचे, आणि त्यावरून कापायचा, एकेरी. आज पाच वाजता येते म्हणाली. आणि नाही जमलं तर तसं सांगा, मी समोरच्या दुकानातल्या शिंप्याकडून शिवून घेते. समोरच्याकडून. तो, ज्याला काज करता येत नाही. तो माझ्या पोरीच्या पाठीला टेप लावणार आणि आकडे मोठ्यानं सांगणार आणि त्याच्याकडचे लोक ऐकणार.

राग कशाचा येतो, सांगू? ती म्हणाली, तुम्हाला माझी लाज वाटत होती. लाज. मी रात्र रात्र एकेक थर विरवत बसलो, ते लाजेनं? लोकांनी तिच्याकडे बघू नये म्हणून बसलो. तिला कोणी काही बोलू नये म्हणून. आणि — तसंच झालं. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. सतरा वर्षांत मी तिच्या डाव्या खांद्याला कधी टेप लावला नाही, साहेब. हातसुद्धा लावला नाही. अंदाजानं केलं सगळं, नजरेनं. लाज नव्हती तर हात का नाही लावला, असं ती विचारेल. विचारणारच. गणित शिकवते ती. मी काय सांगू?

ते मघाचं खोडा. ते 'दिसू न देणं' लिहिलंय ते. खोडा म्हणतो ना. काट मारा नीट, वाचता यायला नको. तुमचं ते जुनंच राहू दे, घडवणं आणि दुसरं ते.

आली. ती बघा, रस्ता ओलांडतेय, निळ्या कपड्यातली. तयार घेतलेला दिसतोय. तुम्ही तिकडे बघू नका. नाही — बघा, बघा की, बघायला काय झालं. ये. हे साहेब आहेत, शब्दकोशाचे, निघालेच आहेत. बस म्हणणार नाही, उभीच राहा, आधी काम करू. आई आली नाही. माहीत आहे मला, येणार नाही असं तुला सांगून झालं असेल तिचं. साहेब, टेप तुमच्या कोपराखाली आहे, द्या जरा. आणि जाता जाता एवढं करा, ती लांब वही आहे ना, त्यात नवं पान काढा, मी सांगतो ते लिहा. आकडे सांगणारा आणि लिहिणारा वेगळा लागतो, एका माणसाचं काम नाही हे. पाठ कर गं इकडे. केस पुढे घे. हं. लिहा, साहेब. खांदा ते कंबर, उजवी बाजू, साडेपंधरा. आता डावी.

डावी —

राहू द्या, साहेब. ती वही ठेवा तिथंच, पेन्सिल वर ठेवा. तुम्ही या आता. दार ओढून घ्या जाताना. हे मी लिहितो.