वीस घागरी

सुशीला : अगं, पण ती माझी शेळी आहे दुर्पता!

दुर्पता : माहीत आहे जी बाई. गुरुजीच्या घरची शेरी सारं गाव ओरखते.

सुशीला : मग सोड ना तिला! नंदा सकाळपासून उपाशी आहे. सात महिन्यांचं लेकरू, ओठ बघ कसे सुकलेत. मी सगळी आळी पालथी घातली, विहिरीत डोकावून आले, आणि तू इथे मोहाला बांधून ठेवलीस.

दुर्पता : साऱ्या बायांच्या बगीच्यात शिरली होती. पत्ताकोबीच्या दोन ओळी खाल्ल्या.

रुख्मा : दोन कायच्या वो, अडीच! ब्लॉक हापिसवाल्यानं देल्लेली रोपं. आन् खाल्ली बी कशी, मधातला कोवळा कोंब तेवढा. शिकलेल्या घरची शेरी, निवडून निवडून खाते.

सुशीला : रुख्माबाई, ही थट्टेची वेळ आहे का?

रुख्मा : नाही बाप्पा. थट्टेची वेळ दिवारीच्या सनात होती. माह्यं वासरू ह्याच झाडाले बांधलं होतं. मी खालच्या बोडीतून चढ चढून वीस घागरी पानी आनलं, तवा साऱ्या बाया तोंडाले पदर लावून हासत होत्या. तुमी बी हासल्या.

सुशीला : मी नव्हते हसले.

रुख्मा : हासल्या. मंग तोंड पुसून म्हनल्या, “नियम सगळ्यांना सारखा, रुख्माबाई.”

सुशीला : नियम मीच सुचवला, मला काय शिकवता? जनावर शिरलं की बांधायचं, मालकिणीनं वीस घागरी पाणी घातलं की सोडायचं. घालीन की! संध्याकाळी येऊन पंचवीस घालीन. आत्ता शेळी दे.

दुर्पता : पानी आधी. शेरी मंग.

सुशीला : वीस घागरी होईतो दुपार होईल! तोवर हिनं काय प्यायचं? डब्यातल्या भुकटीचं दूध पचत नाही हिला. परवाच जुलाब झाले. माझं अंगावरचं तर... ते तुला ठाऊक आहे, गोंदियाच्या डॉक्टरांनी शेळीचंच सांगितलंय. दुर्पता, अगं इतके दिवस काहीही सांगितलं की “तुमी म्हनाल तसं बाई” म्हणायचीस तू.

दुर्पता : म्हनत होती.

सुशीला : आणि आज?

दुर्पता : आज राखन माही आहे.

सुशीला : राखण! मग फाटक कुणी उघडं टाकलं? ते नाही पाहिलं राखणदारणीनं?

दुर्पता : पाहिलं. काल साऱ्यांच्या शेवटी तुमी गेल्या. तुमची नंदा रडली म्हनून धावतच गेल्या. सकारी मी आली, तवा फाटकाचा दोर खाली लोंबत होता.

सुशीला : ...हो. एकदम किंचाळली ती. मला वाटलं विंचूच. काही नव्हतं. मुंगी होती.

रुख्मा : पयल्या लेकराच्या मायले मुंगी बी वाघावानी दिसते. द्या इकडे, मी घेते तिले.

सुशीला : मान धरा नीट. ऊन लागू देऊ नका... दुर्पता, ऐक. उद्या ब्लॉकचे साहेब येतायत, बगीच्याची प्रमुख कोण ते लिहून घ्यायला. मी त्यांच्यापुढे कोणत्या तोंडानं उभी राहू? आजचा एक दिवस सोड. कुणाला कळणारसुद्धा नाही.

रुख्मा : मी इथंच उभी आहो, बाई.

दुर्पता : गावच्या पटलाची गाय बी अशीच बिनपान्याची सोडली होती. एक दिवस.

सुशीला : श्यामलाल पटेलांची? ते निराळं होतं. कुंपणाला बांबू त्यांनी दिले.

दुर्पता : बांबू म्या तोडले. मंदाबाईनं तोडले. डोक्यावर आनले. पटलानं नुसतं ‘न्या’ म्हनलं. गाय म्या धरली होती. तुमी म्हनल्या सोड, म्या सोडली.

सुशीला : तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही.

दुर्पता : बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून आलं नाही.

सुशीला : म्हणजे?

दुर्पता : अठरा बाया होतो. आता नऊ आहो.

सुशीला : पण मी घरोघर जाऊन आले होते गं! ज्या त्या बाईनं सांगितलं, कंबर दुखते.

रुख्मा : नऊ बायांची कंबर एकाच दिवशी कशी दुखन वो? मालगुजार फुकटच्या बिगारीले बोलवे, तवा बी साऱ्या गावाची कंबरच दुखे. मालगुजारी जाऊन सात वर्सं झाली, पन बाया ते दुखनं इसरल्या नाही.

सुशीला : बिगार? हा बगीचा बिगार आहे? तुमच्याच लेकरांच्या ताटात चार पानं भाजी पडावी म्हणून मी...

दुर्पता : बिगार नव्हता. गाय सोडली त्या दिवशी झाला.

सुशीला : ...तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?

दुर्पता : हिंमत नव्हती. आज बी नाही. सकारी घरवाला म्हने, गुरुजीची शेरी बांधून ठेवशील, तं आपल्या पोरीले शाळेत कोन शिकवन? म्या म्हनलं, नाही बांधली तं उद्यापासून माही बी कंबर दुखन.

रुख्मा : हे पाहा, मूठ चोखून राहिली पोरगी. तुमचं काय ते मंग ठरवा.

दुर्पता : थो माहा गडवा द्या इकडे.

सुशीला : काय?

दुर्पता : गडवा. शेरी बांधली आहे, दूध कोनं बांधलं? नियमात दुधाचं काही नाही. दोहून देते.

सुशीला : कच्चं नको हं. उकळायला हवं. आणि गडवा राखेनं घासलेला... थांब, मीच घासते.

दुर्पता : घासला आहे. इस्तो पेटला आहे. तुमी घागर उचला, बाई.

(दुर्पता शेळीपाशी बसते. पहिली धार गडव्यात वाजते. सुशीला एकदा लेकराकडे पाहते, मग पदर खोचून बोडीच्या तळ्याकडे चालू लागते. तीनदा मागे वळून बघते. ऊन चढतं; ती घागरीमागून घागर आणून कोबीला घालते.)

रुख्मा : प्याली बाई, सारं प्याली! ढेकर बी देल्ला. आता डोरे मिटून राहिली.

सुशीला : बोडीच्या काठाकडे नेऊ नका तिला. आडवीही करू नका एवढ्यात. आई गं, माझी मान... किती घागरी झाल्या?

दुर्पता : अकरा.

सुशीला : बारा ना?

दुर्पता : एक चढावर सांडली.

रुख्मा : सुशीलाबाई, कुंपणापल्याड पाहा हरूच. कंबर दुखनाऱ्या आल्या तमाशा पाहाले. मंदाबाई आहे, सत्यभामा आहे.

सुशीला : हसतायत का?

रुख्मा : पदर तोंडालेच आहे. अवो, सत्यभामा तं फाटकातून आत आली! कमरेवर घागर आहे तिच्या.

दुर्पता : सत्यभामा! थे पानी कोबीले नको घालू. ह्या वीस बाईच्याच आहेत. तू वांग्याकडे जाय. आन् फाटकाचा दोर बांध पयले.

रुख्मा : बांधला वो तिनं. दोन गाठी मारल्या.

सुशीला : दुर्पता, उद्या साहेबांनी विचारलं, की मी तुझं नाव सांगणार आहे.

दुर्पता : नावाचं उद्या पाहू. हे घागर अर्धीच आनली तुमी, बाई. हे वीसात धरत नाही.