अंगणातली कवायत

सगळ्यांना जय भीम. तोंडं बांधून, लांब लांब का होईना, पण आलात. भाऊंना पोचवायला आपल्यातलं कोणीच जाऊ शकलं नाही, म्हणून आज ही सभा. मी त्यांची शेजारीण. मला बोलायला उभं केलंय.

सुदामभाऊ शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले आणि करोना आला. बोर्लीचा बाजार बंद, समुद्रावर जायची बंदी. माणसं घरात बसून नुसती खायला आणि भांडायला लागली. तेव्हा भाऊ रोज सकाळी आपल्या अंगणाच्या दगडी गडग्यावर चढून शिट्टी मारायचे. ज्याने त्याने आपापल्या अंगणात यायचं. हात वर, गुडघा वर, लांब श्वास. माझी सासू म्हणायची, "काय रे सुदाम, या वयात मला नाचवतोस व्हय?" पण तिची साखर उतरली. मला झोप लागायला लागली. खोटं कशाला सांगू, त्या कवायतीने वस्तीला उभं ठेवलं.

आणि भाऊ रोज बजावायचे, "ताप असला तर हात उचलायचा न्हाय. पडून ऱ्हायचं."

पण आपण काय रीत पाडली? अंगणात दिसला तो बरा. नाही दिसला, की कुजबुज. "त्याच्याकडं हाय वाटतं." मग त्याच्या दारात कोणी फिरकेना. म्हणून खोकणारी माणसंही अंगणात येऊन हात हलवायची.

भाऊंना ताप भरला, तेव्हा शारदावहिनींनी त्यांना अडवलं. "आज नका जाऊ." भाऊ म्हणाले, "मीच दिसलो न्हाय, तर वस्ती धीर सोडंल." ते आले. दुसऱ्या दिवशीही आले. घामाने भिजले होते, आणि त्यांच्याकडे बघून आपण गुडघे उचलत होतो. मग दवाखान्यात नेलं. भाऊ परत आले नाहीत.

परवा वहिनी म्हणाल्या, "जन्मभर व्यायाम केला गं. मग उपयोग काय झाला?" डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर विश्रांती घेतली असती तर कदाचित. त्या कदाचितचं काय करायचं? शिट्टी थांबली आणि एकाही अंगणात कोणी उतरत नाही. वहिनी, तुम्ही तर ओटीवरूनही उठत नाही.

आता भाऊंसाठी थोडा वेळ गप्प उभं राहू. पण ज्याला ताप असेल, दम लागत असेल, त्याने उठू नये. कोणी वळून बघणार नाही. कोणी कुजबुजणार नाही. हे वस्तीने भाऊंना सांगायला हवं होतं.

वहिनी, तुम्ही बसून राहा. आम्ही उभे राहतो.