धक्क्याच्या विजेवरचं जहाज

त्या दिवशी वैशाखाचं ऊन असं होतं बघा, की बंदराच्या धक्क्यावर पाय टेकवत नव्हता. मी बाळकुमचा कोळी, पण तेव्हा मुंबईच्या गोदीत खलाशी म्हणून नवीनच लागलेलो. मुकादम म्हणाला, "नाखवा, ही धक्क्यावरची वायर जहाजाला जोडलीय. तिच्यापासून हललास तर उद्या कामावर येऊ नकोस."

मी उभा राहिलो. थोड्या वेळाने जहाजाचं इंजिन थांबलं. आमच्या खाडीत होडीचं इंजिन बंद पडलं की ओहोटी ओढून नेते, मला तेवढंच ठाऊक. मी ओरडलो, "इंजिन गेलं! नांगर टाका!" आणि वायर सोडून दोर आणायला धावलो.

मुकादमाने दंड धरला. "अरे, मुद्दाम बंद केलंय ते, आता या वायरीतल्या विजेवर चालेल. वर बघ."

बघितलं. धुराड्यातून धूर नव्हता. तरी आत दिवे जळत होते, पंखे फिरत होते. चाळीएवढं जहाज, तेलाचा थेंब न जाळता, आपल्या धक्क्याच्या विजेवर जागं होतं. एवढं शांत, की खालचं पाणी ऐकू येत होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. ते बघून मुकादमही नरमला. म्हणाला, "जा, उभा राहा वायरीपाशी."

नोकरी वाचली. संध्याकाळी घरी येऊन हे सगळं शेजारच्या जनामावशीला सांगत होतो, तेवढ्यात अख्ख्या आळीची लाईट गेली. अंधारातून मावशी म्हणाली, "नाखवा, तुझ्या त्या जहाजाला सांग, पोट भरलं असेल तर आता आमची वायर सोड म्हणावं."