साधू म्हणण्यापूर्वी

आपल्या विहाराचे प्रमुख पूज्य सयादो, त्यांच्यासोबत आलेला भिक्खुसंघ, व्यासपीठावर बसलेलं सन्माननीय विश्वस्त मंडळ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मुख्य विश्वस्त ऊ सान म्याइंग, त्यांच्या पत्नी, त्यांची कन्या खिन मे, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो. तुमच्यातल्या निम्म्यांना मी पाढे शिकवले, उरलेल्यांच्या पाठीत रट्टे घातले. तेव्हा मला सगळ्यांनीच थोडं सांभाळून घ्यावं.

मंडळाची माणसं घरी आली आणि म्हणाली, "बाई, कर्माचं फळ या विषयावर चार शब्द बोला. साहेबांना आवडेल." आता साहेबांना आवडेल म्हटल्यावर मी नाही कशी म्हणणार?

कर्म खरं असतं का हो? या गावात हा प्रश्न तोंडाने कुणी विचारत नाही, पण मनात कितीजण विचारतात? चहाच्या दुकानात बसा, ऐकू येईल. "त्याने एवढं केलं, त्याचं काय वाकडं झालं?" ही शंका येते कारण डोळ्यांना दिसतं ते वेगळंच असतं. भल्याची बोट बुडते आणि दुसऱ्याच्या गळ्यात चाफ्याचे हार पडतात. आजचे हार फार सुंदर आहेत, ऊ सान म्याइंग. सांभाळा, डाग पडतात.

आता एक आठवण सांगते. निरोपाच्या भाषणात आठवण हवीच.

आपल्या स्तूपापुढची मोठी घंटा ओतली ते साल वयस्कांना आठवत असेल. माझा धाकटा भाऊ मिन थो त्याच पावसाळ्यात इरावतीत बुडाला होता. त्याला चांगला जन्म मिळावा म्हणून आईने कानातली सोन्याची फुलं काढली. वितळलेल्या काशात सोनं टाकायचं ही आपली रीत. बायका पुढे सरकल्या, तेव्हा ऊ सान म्याइंग तबक घेऊन उभे राहिले. "मावश्यांनो, आच फार आहे, भाजाल. इथे ठेवा, मी टाकतो." किती काळजी! आईने फुलं तबकात ठेवली, पाणी ओतलं आणि ते पुण्य मिन थोला दिलं. सगळं गाव साधू म्हणालं, म्हणजे त्या पुण्याचं वाटेकरी झालं. मीही म्हणाले.

घंटा लागली आणि पहिला टोला दिला, तर आवाज बोदा. तुम्हाला ठाऊकच आहे, अजून बोदाच आहे. तेव्हा याच विहारात ऊ सान म्याइंग उभे राहून म्हणाले, "देताना कुणाचं तरी मन कचरलं असणार."

माझ्या आईने ते स्वतःवर घेतलं. ती फुलं तिला तिच्या आईने दिली होती, काढताना तिचा हात क्षणभर कानावर रेंगाळला होता, एवढंच. तेवढ्यावरून तिने ठरवलं की पोराचं पुण्य आपणच नासवलं. रात्रीचं जेवण सोडलं, उपोसथाच्या व्रतादिवशी दिवसभर इथे खांबाशी बसू लागली. घंटा वाजली की तिची मान खाली जायची. हे तुम्ही पाहिलंय, आणि "किती धार्मिक बाई" असंही म्हणालात.

मग खिन मेचं लग्न झालं. मी आईला घेऊन गेले होते. लाफेचं, मुरवलेल्या चहापानांचं, ताट फिरत होतं, आणि नवरीच्या कानात आईची फुलं होती. एका फुलाची पाकळी दबलेली. मिन थो तान्हा असताना त्याने ती नुकत्याच फुटलेल्या दातांनी चावली होती.

खिन मे, हात कानाकडे नेऊ नकोस, बाळ. तुला कुठे काय माहीत होतं? बापाने दिलं, तू घातलंस. तुझ्यावर माझा राग नाही.

दुसऱ्या दिवशी आई विचारायला गेली. मी फाटकाशी उभी होते, सगळं ऐकलं. साहेब हसून म्हणाले, "मावशी, फुलासारखं फूल असतंच. आणि दिल्यावर शंका घेतली की दानाचं पुण्य जळतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं? तुमच्या मिन थोचं काय होईल?"

आई माघारी वळली. घरी येऊन मला म्हणाली, "न्वे, तोंडातून शब्द काढलास तर माझी शपथ आहे. पोराचं पुण्य जाईल." वीसेक वर्षं ती तोंड मिटून राहिली. त्याच खांबाशी बसून हे साहेब समोरून गेले की हात जोडत राहिली. गेल्या थडिंजुटच्या, दिव्यांच्या सणाच्या, पौर्णिमेनंतर ती वारली. सातव्या दिवसाच्या भोजनाला साहेब आले, जेवले आणि म्हणाले, "पुण्यवान बाई होती."

त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख कळली. दान आईचं होतं. त्या दानावर तिने शेवटच्या श्वासापर्यंत शंका घेतली नाही, म्हणून मिन थोचं पुण्य शाबूत आहे. आता माझ्या शंकेने कुणाचंच काही जळत नाही. शपथ तिच्याबरोबर सरणावर गेली.

सयादो घड्याळाकडे पाहताहेत, आटोपतेच. कर्म खरं आहे का? पेरलं तसं उगवतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण कापणीला कुणीतरी कोयता घेऊन जावं लागतं. लोक आभाळाकडे बघत बसतात, काही पडत नाही, मग म्हणतात कर्म खोटं. मी आज कापणीला आले आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल मंडळाचे मनापासून आभार. मंडळ पुढच्या वेळी भाषण आधी वाचून घेईल. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर सयादोंनी आणि गावाने पदरात घ्यावं. ऊ सान म्याइंग यांची क्षमा मी मागत नाही.

आता ते आजच्या दानाचं पाणी ओततील आणि तीन वेळा म्हणतील, "वाटा घ्या." आपण तीनदा साधू म्हणायचं, ही रीत. ती कुणावर सक्तीची नाही, सयादोंना विचारा. मी हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून, आईच्या खांबाशी बसणार आहे. या माणसाच्या कर्मातला वाटा ज्याला हवा असेल, त्याने मोठ्याने साधू म्हणावं. मी ऐकते आहे.